खालच्या पट्टीतला आवाज

"आवाजात रडायचं नाही, वीणा. रडायला पडद्यावरची बाई आहे."

पुण्याच्या फिल्म सोसायटीतल्या शहरबानू मॅडमची ती दटावणी वीणाच्या कानातून अजून गेली नव्हती. रशियन सिनेमा आला की अंधारात माइक धरून वीणा मराठीत बोलायची, सगळ्यांचं एकटीच. नवराही तीच, नवरीही तीच, लढाईतून न परतलेला लेकही तीच. नटांच्या आवाजापेक्षा खालच्या पट्टीत, सपाट. पुढे याच कामासाठी मॉस्कोच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. त्याच आठवड्यात नवऱ्याला, वासुदेवला, दुबईची नोकरी लागली.

आज दुबईतल्या अल मनखूल भागातल्या तिच्या हॉलमध्ये टीव्हीवर जुना किर्गिझ सिनेमा चालला होता. समोरच्या फ्लॅटमध्ये लेकीकडे आलेल्या बुरुलने तो पेन ड्राइव्हवर आणला होता. पडद्यावर एक कोवळी पोर घोड्याच्या गळ्यात पडून काहीतरी सांगत होती. ती पोर म्हणजेच बुरुल.

"आजी, यू स्पीक रशियन? सीरियसली?" वीणाला बुरुलशी रशियनमध्ये बोलताना ऐकून नातीने, मिहिकाने, फोनमधून डोकं काढलं.

"हौस होती गं तिला," वासुदेव हसला. "इथे आलो आणि खलास!"

बुरुल रशियनमधून बोलू लागली. वीणा मराठीत सांगत गेली, तशीच, सपाट.

"मी आमच्या भाषेत बोलले होते. पण गावोगाव गेली ती रशियन डब केलेली प्रत. तोंड माझं, आवाज मॉस्कोच्या नटीचा. आई थिएटरातून रडत बाहेर आली. म्हणाली, लेक दिसली गं, पण बोलली नाही. माझ्या आवाजाची प्रत आत्ता कुठे सापडली. आई राहिली नाही."

वीणा थांबली. हा घोडा, हा उतार तिच्या ओळखीचा होता. त्या परक्या आवाजावर पुण्यात तिनेच आपला आवाज चढवला होता. तसं तिने बुरुलला सांगितलं. बुरुलने तिचा हात धरला आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" वासुदेवने विचारलं.

"एवढं छान काम का सोडलंस म्हणते."

"मग सांग की! तुलाच कंटाळा आला होता. तूच म्हणाली होतीस ना?"

वीणाने ते शब्दाला शब्द रशियनमध्ये सांगितलं. तिलाच कंटाळा आला होता. पडद्यावर पोरीने घोड्याचा लगाम सोडला. घोडा एकदा मागे वळला आणि डोंगर चढू लागला.

वीणा वासुदेवकडे वळली. बोलताना तिचा आवाज फाटला, आणि तिने तो फाटू दिला.

"तुम्ही आपल्या दोघांची दुबईची तिकिटं हातात नाचवत घरी आला होतात. किती खूश होतात! म्हणून म्हणाले तसं. मला कंटाळा नव्हता हो आला."