पोळा होऊन गेला होता

आमच्या मॉरिसव्हिलच्या ऑफिसात एक जूनला एकच केक येतो आणि त्यावर दोन नावं असतात, माझं आणि माझ्याच टीममधल्या जगन्नाथचं. अमेरिकन मंडळींना हा योगायोग वाटतो. योगायोग कसला डोंबलाचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझ्या आईला जन्मतारीख विचारली. "पोळा होऊन गेला होता, एवढं नक्की," ती म्हणाली. गुरुजींनी मान वर न करता एक जून ठोकून दिली. जगन्नाथच्या गुरुजींनीही तेच केलं. पासपोर्टावर ती तारीख दिसली की मला अजून राग येतो.

२००६ साली आम्ही दवाखान्यांतल्या लशींच्या फ्रिजवर बसवायची डबी बनवत होतो. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवायचं, एवढंच तिचं काम. डबी सीलबंद, आतला सेल बदलता येणार नाही, म्हणून घड्याळाला सेलच ठेवला नव्हता. वीज गेली की डबी वेळ विसरायची आणि वीज आल्यावर १ जानेवारी १९७० पासून, म्हणजे कॉम्प्युटरच्या शून्यापासून, मोजायला लागायची. खरी वेळ नेटवर्कवरून मिळे, पण आडगावच्या दवाखान्यात लाइन जोडली जाईपर्यंत कधी कधी अख्खा दिवस जायचा.

उपाय मला आईच्या वाक्यातच सापडला. डबीनं दर पाच मिनिटांनी वेळ फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि जागी झाल्यावर तिथून पुढे मोजायचं. त्याच्या आधीची वेळ नाही, एवढं नक्की. आणि खरी वेळ मिळेपर्यंत प्रत्येक नोंदीपुढे प्रश्नचिन्ह.

माझा मॅनेजर विक्रम पुण्याचा. त्याची पत्रिका आहे. जन्म सकाळी सात बेचाळीसचा, हे त्यानं लंचला दोनदा सांगितलंय.

"फाइलची आयडिया मस्त आहे यार," तो म्हणाला. "तो क्वेश्चन मार्क रिमूव्ह कर. क्लायंट घाबरेल."

"पॉवर नऊ तास गेली तरी लॉगमध्ये तापमान पाचच मिनिटांत चढलेलं दिसेल. फ्रिजचं दार उघडं राहिलं असेल म्हणून सोडून देतील, आणि खराब लस पोरांना टोचतील."

"अंदाजे टाइम चालतो रे."

"चालतो. पण अंदाजे आहे असं लिहायला पाहिजे."

"भानुदास, तुझं ग्रीन कार्ड पुढच्या महिन्यात फाइल करायचंय. क्वेश्चन मार्कशिवायच्या डबीचा हा टेस्ट फॉर्म, 'पास' टिक करून साइन कर."

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त चिडलो.

"माझी तारीख एकानं ठोकून दिली," मी म्हणालो. "मी कुणाची ठोकून देणार नाही." आणि फॉर्मवर 'नापास'वर खूण केली.

सहीचा अधिकार मला आणि जगन्नाथलाच होता. विक्रमनं कोरा फॉर्म घेतला आणि सरळ जगन्नाथकडे गेला. जगन्नाथनं तो शांतपणे वाचला, पार्टिशनवरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझा पोळ्यानंतरचा ना?"

"हो."

"माझा आखाजीच्या आसपासचा," तो म्हणाला. आखाजी म्हणजे त्यांच्याकडची अक्षय्य तृतीया. आणि त्यानंही 'नापास'वरच खूण केली.

डबी प्रश्नचिन्हासकट बाजारात गेली. माझं फायलिंग वर्षभर लांबलं. पुढच्या एक जूनला केक आणायचं काम जगन्नाथनं मागून घेतलं. केकवर आमची नावं होती, खाली तारीख, आणि तारखेपुढे लाल क्रीमचं हे भलं मोठं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाचा तो तुकडा मी स्वतः कापला आणि विक्रमच्या प्लेटमध्ये ठेवला.