यानातलं कोणीच वाचलं नाही

म्युरिएलला टीव्हीवरच्या अंतराळातल्या मालिका फार आवडायच्या आणि शेवट वाईट असेल तर जास्तच. "सगळे सुखरूप घरी, हे पोराटोरांना ठीक," असं ती म्हणायची. त्या हिवाळ्यात ती हल शहरातल्या इस्पितळात होती, म्हणून तिच्या मालिकेचा शेवटचा भाग तिच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, घरी एकट्यानेच पाहिला. यानातले सगळे मेले.

दुसऱ्या दिवशी तो भेटायला गेल्या गेल्या तिने विचारलं, "काय झालं रे क्लिफ? मेले ना?"

तिचा सुकलेला चेहरा बघून त्याची जीभ रेटेना. "छे गं, सगळे घरी पोचले."

म्युरिएलने तोंड फिरवलं. "शेवटी कच खाल्लीच मेल्या मालिकावाल्यांनी. इतकी वर्षं उगाच बघितलं मी."

घरी येताना क्लिफर्डला स्वतःची लाज वाटली. तिला उरलेली एकुलती एक गंमत त्याने नासवली होती. सकाळी खरं सांगायचं ठरवून तो गेला, तर ती ग्लानीत होती. तो तिच्या कानाशी वाकला.

"मी खोटं बोललो, म्युरिएल. सगळे मेले. एकही वाचला नाही. कप्तान तर सगळ्यात आधी गेला."

उशी सारखी करणारी नर्स दचकली. "अहो, आजारी माणसाशी काय बोलताय हे!"

"तिला ऐकू जातं का?"

"जात असेल, म्हणूनच तर सांगतेय."

मग क्लिफर्डने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि कोण कसं मेलं ते एकेक करून सांगितलं. म्युरिएलने डोळे उघडले नाहीत. संध्याकाळी ती गेली. त्यातलं तिने काही ऐकलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.