कोर्ट उठेपर्यंत

रूपाली परसवाड्याकडच्या एका गावात कंत्राटी अतिथी शिक्षिका होती. मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून रोज स्कूटीनं जायची. त्या मंगळवारी नाक्यावर हेल्मेटची तपासणी चालली होती. गाडीचे कागद काढायला तिनं डिकी उघडली आणि कागदांखालून गांजाची पुडी निघाली. आदल्या संध्याकाळी स्कूटी तिच्या नवऱ्यानं, महेंद्रनं नेली होती. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

ठाण्यात दोन पंचांसमोर पुडी तोलून सील केली. बोटांचे ठसे झाले, हातात पाटी देऊन फोटो काढला, स्कूटी जप्त झाली. महेंद्र सरकारी दफ्तरात बाबू होता. फोन गेल्यावर तो धावत आला आणि तिला व्हरांड्यात बाजूला घेऊन गेला.

"मायं नाव निघालं तं नोकरी गेली समज. तुयी पयलीच वेळ हाये. एवढ्याशा पुडीचं काही होत नाही. जमानत आजच होते, पुढं दंड भरला का संपलं."

"अन् शाळेत?"

"शाळेत कोनाले कळते?"

पुडी आपलीच असं तिनं ठाण्यात सांगितलं. जमानत खरंच त्याच दिवशी झाली. पण ती घरी पोचायच्या आत पाटी धरलेला तिचा फोटो अर्ध्या गावाच्या मोबाइलवर फिरला होता. हेडमास्तरांनी फोनवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. सासूनं, आनंदीबाईंनी, तिला स्वयंपाकघरात यायला बंदी केली आणि चार वर्षांच्या ऋताला आपल्याजवळ निजवायला सुरुवात केली. जेवताना रूपाली महेंद्रकडे बघत राहायची. तो ताटात बघायचा. केस संपू दे, मग आईला सांगतो, एवढंच म्हणायचा.

आठ महिन्यांनी केस लागली. वकील महेंद्रनंच केला होता. लढलो तर काय होईल, असं तिनं विचारलं, तेव्हा वकील म्हणाला की वर्षानुवर्षं तारखा पडतील आणि स्कूटी आणखी कोण चालवतं हेही निघेल. हे बोलताना तो महेंद्रकडे बघत होता.

कोर्टात तिनं गुन्हा कबूल केला. न्यायाधीश साहेबांनी हिंदीत विचारलं, कोणाच्या दबावाखाली तर कबूल करत नाही ना? ती नाही म्हणाली. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा. महेंद्र दंड भरून दफ्तरात निघून गेला. ती मागच्या बाकावर बसली. तहान लागली होती, पण उठलेलं चालतं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. शिपायानं तिला दोनदा जागा बदलायला लावली. तरी मनातून तिला हलकं वाटत होतं.

संध्याकाळी ती ऑटोनं घरी आली तर बाहेरच्या खोलीत तिचे कपडे दोन पिशव्यांत भरून ठेवलेले. महेंद्र मोबाइल बघत बसला होता.

"आता सांगा आईले," ती म्हणाली.

"का सांगू? कोर्टात तं तूच कबूल केलं."

मग तिनं स्वतःच पहिल्यापासून सगळं सांगितलं. आनंदीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "त्याच्या पँटी मीच धुतो, खिसे पायतो. पन त्याची नोकरी पक्की हाये. तुयी तं गेलीच."

रूपालीनं ऋताबद्दल विचारलं. पोरगी शेजारी मयुरीकडे खेळायला पाठवली आहे आणि ती इथंच राहील, असं आनंदीबाई म्हणाल्या. कोर्टात गुन्हा कबूल केलेल्या बाईला पोर कोण देतं, हे त्यांनी वकिलाला विचारून ठेवलं होतं.

शेजारच्या फाटकाशी उभं राहून तिनं ऋताला दोन हाका मारल्या. मयुरीनं खिडकी उघडली, तिला पाहिलं आणि लावून घेतली.

बसस्टँडवर कटंगीची गाडी लागली होती. कटंगीला तिचे वडील होते. फोटो त्यांनीही पाहिला होता आणि आठ महिन्यांत एकदाही फोन केला नव्हता. दुसरीकडे जायला जागा नव्हती. ती पिशव्या घेऊन चढली.