आता किती, अक्का?

"आता किती, अक्का?" वादिराजने विचारलं.

गौतमीच्या हातात सलाईनची बाटली होती, फोन खांद्याने कानाशी दाबलेला आणि कोपऱ्यातली बाई उलटी येतेय म्हणून ओरडत होती. छातीला बांधलेला पट्टा सकाळपासून काचत होता. तो काळजाचे ठोके मोजायचा. मनावरचा भार मात्र तिनेच सांगायचा, एक ते दहामध्ये.

"तीन," ती म्हणाली.

खोटंच. देशपांडे नगरातल्या त्या खाजगी दवाखान्याने एक नर्स एकाच वेळी किती कामं पेलते ते मोजायला कॉलेजातून वादिराज या विद्यार्थ्याला बोलावलं होतं. दोन वॉर्डांना मिळून एकच नर्स ठेवायचा विचार चाललाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठा आकडा सांगावा तर 'हिला झेपत नाही' म्हणून तिलाच घरी बसवतील; लहान सांगावा तर दुसरा वॉर्डही तिच्याच गळ्यात. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीवर होतं. घरी बसण्याची भीती जास्त मोठी होती.

फोन ठेवून ती कोपऱ्याकडे धावली, भांडं दिलं, परतली आणि कृष्णाबाईच्या खाटेशी बाटली अडकवली. कृष्णाबाई अळणावरकडची, साखर वाढून दाखल झालेली.

"सावकाश कर गं बाई. मी कुटं पळून चाललेय?" सुई लावलेला हात पुढे करत ती हसली.

"अक्का, आता?"

"तीन."

नळी सुरू करायला गौतमीने अंगठा लावला आणि बाटलीवरची अक्षरं दिसली. ग्लुकोज. शेजारच्या खाटेची बाटली.

अंगठा जागीच थिजला. तिने झटकन बाटली उतरवली. कुणी पाहिलं नव्हतं.

"अक्का, ठोके एकदम वाढलेत. बरं वाटतंय ना?" पट्ट्याचा आकडा बघून वादिराज दचकून म्हणाला.

"काय झालं?" दारातून मेट्रन श्यामला मॅडमचा आवाज आला.

'काही नाही' हे शब्द गौतमीच्या ओठांवर आलेच होते.

"चुकीची बाटली लावत होते, मॅडम. साखरेच्या पेशंटला ग्लुकोज." मग ती वादिराजकडे वळली. "तीन नव्हे, दहा लिहा. सकाळपासून दहाच होतं."

"हे वर कळणार, गौतमी," मॅडम म्हणाल्या.

"कळू दे."

"संध्याकाळी ऑफिसात ये," म्हणून मॅडम निघून गेल्या.

कृष्णाबाई सगळं ऐकत होती. तिने पुढे केलेला हात हळूच चादरीखाली ओढून घेतला.

गौतमी योग्य बाटली घेऊन आली. पलीकडून कुणीतरी लवकर ये म्हणून कानडीत हाक मारली, "सिस्टर, लगू बर्रि!"

"हे झालं की येते," ती म्हणाली. बाटलीवरच्या अक्षरांखाली बोट धरून तिने सलाईनचं नाव कृष्णाबाईला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

चादर हलली नाही. गौतमी बाटली धरून तशीच उभी राहिली, हात बाहेर येईपर्यंत थांबायचं ठरवून.