खोडलेली उत्तरं

सहाव्या वर्षी मला एकोणतीसचा पाढा उलटासुद्धा येत होता. सोनगीरला बाजाराच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, मला भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर उभं करायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमना पोऱ्या हुशार शे. काही बी इचारा!" मी धडाधड म्हणून दाखवायचो. मग आबा माझा हात धरून मला घरी न्यायचे. दहावीत गणितात साठच पडले आणि तो हात सुटला. पुढे पाहुणे आले तरी आबा मला हाक मारत नसत.

तेव्हाच कानाला खडा लावला. आपल्या मुलाला हुशारीपायी कधी डोक्यावर घ्यायचं नाही.

आता जळगावात माझी चारू आठ वर्षांची आहे. बरोबर सोडवलेलं गणित घेऊन आली की मी मोबाइलमधून मान वर न करता "हं, ठेव" म्हणतो. चुकलं असेल तर मात्र मोबाइल बाजूला ठेवून, तिला जवळ घेऊन समजावतो. वर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतो, मूर्ख कुठला!

काल मेघा मॅडमांनी शाळेत बोलावलं. चारूची वही पुढे केली.

"वर्गात हिची एक चूक होत नाही. घरच्या अभ्यासात मात्र पानोपानी चुका आणि खाली तुमच्या अक्षरात दुरुस्ती. जरा उजेडात धरून बघा."

खिडकीपाशी धरली. प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे रबराने खोडलेलं उत्तर पुसट दिसत होतं. ते बरोबर होतं. रोज हीच वही हातात घेऊन मला फक्त चूक दिसली होती.

घरी येऊन चारूला जवळ बोलावलं. "येत असून का खोडतेस गं?"

ती फ्रॉकची किनार चिवडू लागली. मग हळूच म्हणाली, "चुकलं की तुम्ही माझ्याजवळ बसता ना, पप्पा."

मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. आबांचा हात धरायला मला हुशार असावं लागत होतं. माझ्या पोरीला त्यासाठी बावळट व्हावं लागलं.

"माझं चुकलं, चारू," मी म्हणालो.

तिने दप्तर बाजूला सारलं आणि मला चिकटून बसली.

"चुकलं ना? मग आता मी बसते तुमच्याजवळ."