धर्मआईचं लग्न

पेतांग अँब्रोच्या प्रेमात पडली. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. तिच्या लोलाने, म्हणजे आजीने, तसंच समजायचं ठरवलंय.

तर पेतांग धक्क्यावर सुकी मासळी विकायची आणि अँब्रो दोन बेटांमधली उतारूंची बोट चालवायचा. तिची टोपली बोटीत आली की तो नाकाला रुमाल लावायचा.

"तुझ्या टोपलीनं लोक उलट्या करतात."

"टोपलीनं नाही, तुझ्या वळणांनी. म्हैससुद्धा सरळ पोहते."

हे रोजचंच. शेवटी उतारू कंटाळले आणि दोघांचे जुने दोस्त, चोलेंग आणि तिचा नवरा तेबान, यांनी मनावर घेतलं. चोलेंगने मासळी निवडता निवडता पेतांगच्या कानात सोडलं, "तो तुझ्यापायी झुरतोय गं. अन्नावरची वासना उडालीय." आदल्याच दिवशी पेतांगने त्याला भाताचं तिसरं ताट चाटूनपुसून खाताना पाहिलं होतं, तरी तिला ते पटलं. तिकडे तेबानने अँब्रोला हेच सांगितलं, फक्त नाव बदलून.

एवढ्यावर भागेल असं वाटेना. म्हणून त्यांनी आपल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला या दोघांनाच धर्मआई-धर्मबाप नेमलं. निदान तासभर शेजारी उभे तरी राहतील.

अँब्रो अंघोळ करून आला. डिझेलच्या वासाखाली एक माणूस होता, हे पेतांगला तेव्हा कळलं. बाळ कुणी धरायचं यावर ते कुजबुजत भांडले, भांडताना मेणबत्तीचं मेण त्याच्या हातावर सांडलं आणि तिने फुंकर घातली. झालं.

पुढच्या रविवारी अँब्रो डुकराची तंगडी घेऊन लोलाकडे मागणी घालायला गेला. लोलाने तंगडी ठेवून घेतली आणि तो वाकला तसा हात मागे घेतला. त्या हाताला कपाळ टेकवल्याशिवाय त्या घरात कुणाचं लग्न लागलं नव्हतं. शिवाय आईबाप गेल्यावर पेतांगला त्याच हातानं वाढवलं होतं.

"देवासमोर एकाच लेकराचे धर्मआई-धर्मबाप झालात," लोला म्हणाली, "म्हणजे भाऊबहीण झालात. भावाबहिणीचं लग्न लावू मी?"

"लोला, ते आम्ही मुद्दाम केलं होतं," त्याच्यासोबत आलेली चोलेंग म्हणाली. "यांचं जुळावं म्हणून."

"जुळवायचं होतं, तर भाऊबहीण कशाला केलंत?"

चोलेंग फादरना बोलवायला धावली. फादरनी येऊन सांगितलं, चर्चची काही आडकाठी नाही. लोला म्हणाली, "फादर पोरसवदा आहेत. गावात आत्ता आत्ता आलेत."

"पळून जाऊ," अँब्रो म्हणाला. "बोट आपलीच आहे."

"पळून कसली जातेय. मला लोलाचा हात हवाय कपाळाला."

म्हणून पेतांगने सांगितलं आणि तेबानने बिशपसाहेबांना लिहिलं:

'सविनय अर्ज करण्यात येतो की, आमच्या बाळाचा बाप्तिस्मा रद्द करून त्याच्या डोक्यावर ओतलेले पाणी परत घेण्यात यावे. नवीन धर्मआई-धर्मबाप मिळेपर्यंत बाळास तात्पुरते ख्रिस्ती समजण्यात यावे. लोलाचे वय पाहता निर्णय लवकर व्हावा, ही विनंती.'