भिंगाच्या डावीकडे

आपल्या शहराला इतिहास नाही, असं कुणी म्हटलं की बाईंचं डोकं फिरायचं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं लोटली होती, तरी भाजीवाल्यापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळेच त्यांना अजून नुसतं 'बाई' म्हणत, आणि नगरपालिकेच्या शताब्दीला जुन्या छायाचित्रांचं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं. इथे राजे झाले नाहीत, लढाया झाल्या नाहीत, हे खरं. पण नदीवरचा पूल लोकांनी स्वतः दगड वाहून बांधला होता आणि पुराने तो नेल्यावर कुणाच्या तोंडाकडे न बघता पुन्हा उभा केला होता. पाण्याची टाकी, सूतगिरणी, बायकांचा दवाखाना, सगळं असंच घामातून उभं राहिलेलं. आणि या प्रत्येक प्रसंगी चौकातल्या स्टुडिओवाल्यांच्या घरातलं कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन हजर होतं: आधी आजोबा, मग वडील, आता नातू.

नातवाने काचेच्या जुन्या निगेटिव्हवरून काढलेल्या प्रती आणून दिल्या, आणि ज्याच्याकडे त्या राहत त्या धाकट्या भावाच्या घरातलं जेवणाचं टेबल बाईंनी ताब्यात घेतलं. घरातले सगळे ओट्याशी उभं राहून जेवू लागले, पण कुणाची तक्रार नव्हती. भावाचं चष्म्याचं दुकान होतं. एका दुपारी तो घरी आला, चहाचा कप हातात धरून फोटोंवर वाकला आणि हसायलाच लागला.

"ताई, गावात चकणेपणाची साथ होती का गं?"

"काहीतरीच काय!"

"अगं बघ ना. एकजणही कॅमेऱ्यात बघत नाहीये."

बाईंनी पाहिलं. पुलावरचे पाथरवट, टाकीच्या शिडीवर चढलेले गवंडी, गिरणीच्या दारातल्या बायका, दवाखान्याची पहिली दाई. माणसं वेगळी, साल वेगळं, पण प्रत्येकाची नजर भिंगाच्या किंचित डावीकडे, एकाच जागी. तिथे कुणीतरी उभं असावं आणि त्याच्याकडे सगळ्यांनी मान वर करून बघावं, तशी. आणि त्या नजरेत भीती नव्हती. बक्षीस घेऊन घरी आलेलं मूल दारातूनच आईकडे बघतं, तसा अभिमान होता. बघ, आम्ही हे केलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टुडिओवाल्याला विचारलं, "तुमच्या आजोबांच्या शेजारी कोण उभं राहायचं हो?"

"छे! ते कुणाला फिरकू देत नसत. स्टँडला धक्का लागतो. वडिलांचं तेच, माझंही तेच."

त्या संध्याकाळी, घरात कुणी नसताना, बाईंनी आपली खुर्ची थोडी डावीकडे सरकवली. आणि टेबलावरचं सगळं शहर आता त्यांच्याकडे बघत होतं.

भिऊन उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना शाबासकी दिली होती, पण शाबासकीसाठी इतक्या डोळ्यांनी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. चिखलाने माखलेल्या त्या पाथरवटांना, पदर खोचलेल्या त्या बायकांना त्या हळूच "छान केलंत" म्हणाल्या. मग ते रोजचंच झालं.

"कुणाशी बोलताय वन्सं?" वहिनीने एकदा स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणाशी नाही गं. मजकूर वाचून बघतेय."

पुस्तक देखणं झालं. प्रकाशनाला नगरभवन खचाखच भरलं. पाथरवटांची नातवंडं, गिरणीतल्या बायकांच्या लेकीसुना, बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, सगळे पानं उलटून आपापली माणसं शोधत होते आणि सापडली की शेजाऱ्याला कोपराने ढोसत होते. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. शेवटी पायऱ्यांवर सगळ्यांचा एकत्र फोटो झाला.

दोन दिवसांनी स्टुडिओवाला मोठी प्रत घेऊन घरी आला. फोटो सुरेख होता. पायऱ्या माणसांनी फुललेल्या, प्रत्येक चेहरा उजळलेला, आणि प्रत्येक नजर भिंगाच्या किंचित डावीकडे. पहिल्या रांगेत मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिच्या शेजारी भाऊ उभा होता, आणि त्याचा एक हात त्या मोकळ्या जागेत, खांद्याच्या उंचीवर, अधांतरी होता.

"अहो, ताई कुठेय?" भाऊ म्हणाला. "माझा हात हिच्या खांद्यावर होता. मला चांगलं आठवतंय."

स्टुडिओवाला गोंधळून बाईंकडे बघू लागला. "बाई, मी किती विनवलं, तुम्ही मधे उभ्या राहा म्हणून. पण तुम्ही माझ्या शेजारून हलेनात. मी कुणाला तिथे उभं राहू देत नाही, पण तुम्ही इतक्या सवयीने येऊन उभ्या राहिलात, की मला काही बोलताच येईना."

"काहीतरीच," भाऊ म्हणाला. "सांग गं ताई यांना."

बाईंनी डोळे मिटून तो क्षण आठवून पाहिला. खांद्यावरचा भावाचा हात त्यांना आठवला, त्याचं ऊबदार वजनसुद्धा. मग पायऱ्या आठवल्या, ऊन आठवलं, आणि रांगेत सर्वांच्या पुढे उभा असलेला, त्यांच्याकडे बघून लहानपणीसारखा हसणारा भाऊ आठवला, अगदी समोरून.